साड्यांखाली ठेवलेला रिपोर्ट

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

पत्र लिहिणाऱ्या ताईंचं वय ४८. श्रावणात आंघोळ करताना डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. गावातल्या डॉक्टरांनी 'या वयात होतं' म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, गाठ होती तशीच राहिली. ओळखीच्या नर्सबाईंनी आग्रह केला म्हणून गणपती झाल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी केली. रिपोर्टवर 'बायरॅड्स ४ बी' असं लिहून आलं. तिथल्या सर्जननी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, करून घ्यायला सांगितलं, त्यालाही आता तीन आठवडे झाले. रिपोर्ट कपाटात साड्यांच्या घड्यांखाली आहे. थोरल्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात, म्हणजे नऊ आठवड्यांवर. येत्या रविवारी बस्ता. यजमानांना यातलं काहीच ठाऊक नाही. फक्त जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, गाठीला सुई टोचली की ती खवळते, माझ्या मावशीचं तसंच झालं. त्यात व्याह्यांच्या कानावर गेलं तर 'घराण्यात कॅन्सर आहे' म्हणून सोयरीक मोडेल ही धास्ती. ताई विचारतात: 'दुखत नाही, आमच्यात कुणाला हा आजार नाही. लग्न पार पडेपर्यंत थांबलं तर चालेल ना? आणि यजमानांना आत्ताच सांगू की नंतर?'

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. चार पानांच्या पत्रात अडीच पानं लग्नाची आहेत. हॉल, आचारी, व्याह्यांचा मानपान, रुखवताला अजून काय काय राहिलं आहे. गाठीबद्दल सगळ्या मिळून आठ ओळी. तुम्ही बेफिकीर आहात असं मला मुळीच वाटत नाही. घरातल्या प्रत्येकाचं ताट वाढून झाल्याशिवाय स्वतः पाटावर बसायचं नाही, ही सवय हाडीमाशी इतकी खिळली आहे की स्वतःचं दुखणंही तुम्ही त्याच रांगेत शेवटी उभं केलंत.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी बावीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी ब्रेस्ट क्लिनिकच्या ओपीडीत. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बायकांशेजारी बसणं, कागद समजावून सांगणं, योजनेचे फॉर्म भरून घेणं, नवऱ्याला काय आणि कसं सांगायचं ते ठरवायला मदत करणं, हे माझं काम. औषधाचं डॉक्टरांना विचारा. पण त्या बाकावरून जे दिसलं ते मी नक्की सांगू शकते.

तुम्ही विचारलंत, लग्न होईपर्यंत थांबलं तर चालेल का. माझं उत्तर: बायोप्सीसाठी थांबू नका. याच आठवड्यात करून घ्या. उपचार कधी सुरू करायचे, लग्नाच्या आधी की मधे की नंतर, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुणालाच सोडवता येणार नाही. तुमच्या मनात या दोन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. तराजूच्या एका पारड्यात तुम्ही लेकीचं लग्न ठेवलंय आणि दुसऱ्यात केस गेलेली, अंथरुणाला खिळलेली आई. आत्ता खरं म्हणजे दुसऱ्या पारड्यात एवढंच आहे: एक सकाळ जिल्ह्याच्या ठिकाणी, पंधरा मिनिटांची एक तपासणी, आणि साधारण आठवडा-दीड आठवड्याची वाट.

रिपोर्टवरच्या त्या अक्षरांचा अर्थ तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. बायरॅड्स ही फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांची आकड्यांची भाषा आहे. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे बहुधा साधीच गाठ, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे फोटोवरून खात्री देता येत नाही, तुकडा काढून बघायलाच हवा. ५ म्हणजे दाट संशय. ४ चे पुन्हा ए, बी, सी असे तीन भाग करतात. तुमचं बी आहे, म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता १० ते ५० टक्क्यांच्या मधे कुठेतरी. हाच रिपोर्ट हातात घेऊन शंभर जणी बाकावर बसल्या असतील, तर त्यातल्या निदान पन्नास जणी, बहुधा त्याहून जास्तच, साधी गाठ निघाली म्हणून घरी जातील. तुम्ही त्यांतल्या एक असाल तर नऊ आठवडे विनाकारण जीव जाळाल. नसाल, तर हे नऊ आठवडे तुमच्या कामाचे आहेत. दोन्हीकडून हिशेब एकाच ठिकाणी येतो.

आता जाऊबाईंचं म्हणणं. त्यांना खोटं पाडू नका. त्यांनी जे पाहिलं ते पाहिलं आहे. बाकावर मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते कुठून येतं याचा मला विचार करावा लागला. होतं असं, की पूर्वी आणि पुष्कळदा आजही, बाई डॉक्टरकडे पोचते तीच उशिरा. गाठ लिंबाएवढी होते, कातडीला चिकटते, काखेत अवधाण येतं, मग कुणीतरी गाडीत घालून नेतं. तिथे सुई टोचतात. आजार आधीच पुढे गेलेला असतो, तो आपल्या गतीने वाढत राहतो. घरच्यांच्या लक्षात मात्र दोनच गोष्टी राहतात: सुई टोचली, आणि सहा महिन्यांत माणूस गेलं. मधल्या वर्षभराची, अंगावर काढलेल्या त्या दिवसांची कुणी मोजदाद ठेवत नाही. स्तनाच्या गाठीची सुईची तपासणी जगभर कित्येक दशकं चालू आहे. सुईने आजार पसरत असता तर डॉक्टरांनी ती कधीच सोडून दिली असती. उलट आज चांगल्या ठिकाणी तुकडा तपासल्याशिवाय ऑपरेशनला हातच लावत नाहीत.

ती सुई असते तरी कशी, ते सांगते. मी कितीतरी जणींचा हात धरून त्या खोलीत उभी राहिले आहे. तुम्हाला पाठीवर किंवा किंचित कुशीवर झोपवतात, डावा हात डोक्याखाली. सोनोग्राफीची थंड जेली लागते. मग भूल देण्याची बारीक सुई. ती चावते, मुंगी चावल्यासारखी, आणि क्षणभर जळजळतं. त्यानंतर दुखत नाही, दाब जाणवतो. डॉक्टर आधीच सांगतात, 'आता आवाज होईल.' खट्ट. स्टेपलर दाबल्यासारखा. बायका दचकतात त्या त्या आवाजाने, दुखण्याने नव्हे. असं चार-पाच वेळा. दर वेळी सुईतून शेवईच्या तुकड्याएवढा पांढुरका धागा निघतो, तो औषधाच्या छोट्या बाटलीत सोडतात. मग दहा मिनिटं बोळा दाबून धरायचा, वर पट्टी. टाका नाही. काळानिळा डाग आठवडाभर राहतो. संध्याकाळी तुम्ही घरी चहा टाकू शकता. या तपासणीला ट्रूकट किंवा कोअर बायोप्सी म्हणतात, हे नाव लक्षात ठेवा. बारीक सुईने नुसत्या थोड्या पेशी ओढून काचेवर पसरतात ती वेगळी. तिच्यावरून पुढचं सगळं ठरवता येत नाही.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते, आणि ती तुमच्याइतकीच इतर वाचक भगिनींसाठीही आहे. जवळच्या एखाद्या दवाखान्यात कुणी म्हणालं, 'कशाला सुई नि बिई, लहानशी गाठ आहे, काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू,' तर नको म्हणा. चांगल्या मनाने सांगत असतील, तरी नको म्हणा. आधी निदान न करता गाठ काढली आणि ती कॅन्सरची निघाली, तर पुष्कळदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. गाठ नेमकी कुठपर्यंत होती हे नंतरच्या डॉक्टरांना कळत नाही, आणि जो स्तन वाचवता आला असता तोही कधी कधी जातो. असे कागद घेऊन आलेल्या बायका मी महिन्याला दोन-तीन तरी पाहायची. म्हणून शक्यतो जिथे स्तनाच्या आजाराचं वेगळं क्लिनिक आहे, किंवा कॅन्सरचं रुग्णालय आहे, तिथे जा. तिथे हाताने तपासणारे सर्जन, फोटो वाचणारे आणि तुकडा तपासणारे डॉक्टर एका फाईलवर काम करतात आणि पुढचं एकत्र बसून ठरवतात. परळचं टाटा रुग्णालय सगळ्यांना माहीत असतं, पण प्रत्येकाला मुंबई गाठायचं कारण नाही. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, आणि मोठ्या शहरांतल्या बऱ्याच रुग्णालयांत आता हा विभाग असतो. फोनवर दोनच गोष्टी विचारा: सोनोग्राफीत बघून ट्रूकट बायोप्सी करता का, आणि उपचार सगळे डॉक्टर मिळून ठरवतात का.

'दुखत नाही' असं तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय. ताई, आपल्याकडे दुखणं हा शब्दच आजारासाठी वापरतात, त्यामुळे जे दुखत नाही ते दुखणंच नाही असं वाटणं साहजिक आहे. स्तनाच्या बाबतीत मात्र हे उलटं पडतं. पाळीच्या आधी दुखणारे, जड होणारे स्तन बहुतेक वेळा हार्मोन्समुळे तसे होतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तुमची गाठ कॅन्सरची आहे असं मी म्हणत नाही. न दुखण्यावर विसंबून राहू नका, इतकंच.

'आमच्यात कुणाला नाही' याचंही तसंच. हा आजार झालेल्या बहुतेक बायकांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो. आईबापांकडून आलेल्या जनुकातल्या दोषामुळे होणारा स्तनाचा कॅन्सर शंभरात पाच ते दहा जणींचा. आता हाच आकडा व्याह्यांच्या भीतीपुढे ठेवून बघा. समजा, अगदी समजाच, तुमचा रिपोर्ट नको तो आला, तरी 'घराण्यात कॅन्सर आहे, मुलीलाही होणार' हे म्हणणं बहुतेक वेळा चुकीचं असतं. कुणाच्या बाबतीत जनुकाची तपासणी करायची हे डॉक्टर वय, गाठीचा प्रकार आणि नातेवाइकांचा इतिहास बघून सांगतात. शिवाय व्याह्यांना आत्ता काहीच सांगायचं नाहीये, कारण सांगण्यासारखं अजून काही ठरलेलंच नाही. तपासणी करून घेणं ही लपवाछपवी नव्हे. ती तुमची स्वतःची गोष्ट आहे.

यजमानांची गोष्ट वेगळी. त्यांना सांगा, आणि बायोप्सीच्या आधी सांगा. तुम्ही लिहिता, 'त्यांच्या डोक्याला आधीच कर्जाचा ताप, त्यात हे कशाला.' तुमचं त्यांच्यावरचं प्रेम या वाक्यात दिसतं. पण दुसऱ्या बाजूने बघा. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना हे महिन्यांनी, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून कळलं, तर सगळ्यात जास्त काय लागेल? गाठ लागणार नाही, 'मला सांगितलं नाहीस' हे लागेल. हे मी पुरुषांच्या तोंडून ऐकलंय. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले, टोपी हातात चुरगाळत, 'मी काय परका होतो का' म्हणणारे. सगळं एकदम सांगायला जड जात असेल तर इतकंच सांगा: 'छातीत एक गाठ लागलीय. फोटो काढून झालेत. डॉक्टर म्हणतात तुकडा तपासून बघू. बरेचदा काही निघत नाही, पण बघायला पाहिजे. गुरुवारी माझ्याबरोबर चला.' शेवटचं वाक्य नक्की म्हणा. माणसाला काही करायला दिलं की त्याच्या भीतीला वाट मिळते. गाडी काढणं, केसपेपरच्या रांगेत उभं राहणं, फाईल सांभाळणं. भावकीत, शेजारीपाजारी आत्ता कुणाला कळवायची गरज नाही. मुलीला कधी सांगायचं हे तुम्ही दोघं रिपोर्ट आल्यावर ठरवा, पण तेव्हा मात्र सांगा. आईचं काहीतरी बिनसलंय हे तिला आत्ताही जाणवत असेल. लेकींना जाणवतं.

मला एक बाई आठवतात. पाच-सहा वर्षं झाली असतील. क्लिनिकमध्ये आल्या तेव्हा दोन्ही हातांवर मेंदी होती, कोपरापर्यंत, थोडी फिकी पडलेली. हातात हिरवा चुडा. तपासणीचा गाऊन चढवताना बांगड्या अडकत होत्या, मी मदत केली. मुलीचं लग्न आटोपून चौथ्या दिवशी त्या आल्या होत्या. गाठ पाच महिन्यांपूर्वी लागली होती. आता ती कातडीला चिकटली होती, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसत होती. डॉक्टरांनी सांगितलं, आता लगेच ऑपरेशन नाही, आधी केमो देऊन गाठ लहान करावी लागेल. बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, 'ज्याच्यासाठी थांबले ते लग्न मला आठवतच नाही बाई. जेवणाचा एक घास गोड लागला नाही. सप्तपदी चालली होती आणि माझा हात पदराखाली सारखा गाठीवर.' त्यांनी पुढे सगळे उपचार घेतले, धीराने घेतले. पण त्यांचं ते वाक्य मी विसरले नाही, आणि तुमचं पत्र वाचताना तेच आठवलं. तुम्हाला वाटतंय की गप्प राहून तुम्ही लग्न सुखरूप ठेवताय. ताई, तुमच्याच पत्रात आहे, साखरपुड्याच्या रात्री तुम्ही तीनला उठून स्वयंपाकघरात बसला होता. लग्नाच्या घरात ती गाठ आधीच आलेली आहे.

उशिराने नेमकं काय होतं, हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. एक-दोन आठवड्यांनी फार फरक पडत नाही, म्हणून झालेल्या तीन आठवड्यांबद्दल स्वतःला बोल लावू नका. पण महिने मोजायला लागले की फरक पडतो. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला होता: कॅन्सरच्या ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. श्रावणापासून लग्नापर्यंत किती चार आठवडे होतात, ते तुम्हीच मोजा.

आता वाईटात वाईट धरून चालू. समजा कॅन्सर निघाला. तुम्ही लिहिलंत, 'मग काय, स्तन कापून टाकतील आणि मी लग्नात उभी राहायची नाही.' हे दोन वेगवेगळे समज आहेत. स्तन काढावाच लागतो असं नाही. नुसती गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून, नंतर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लाईट किंवा शेक म्हणतात, ते देऊन स्तन राखता येतो. अमेरिकेत आणि इटलीत अशा बायकांवर वीस-वीस वर्षं लक्ष ठेवून २००२ साली निष्कर्ष मांडले गेले: स्तन पूर्ण काढलेल्या आणि राखलेल्या बायका सारख्याच जगल्या. प्रत्येकीला हे जमतंच असं नाही. गाठीचा आकार, जागा, किती ठिकाणी आहे यावर ते अवलंबून असतं. पण 'माझा स्तन राखता येईल का' हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ४८ वय झालं, आता कशाला, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

लग्नाचं म्हणाल तर तारीख डॉक्टरांना सांगा. पहिल्याच भेटीत सांगा. हे सांगायला बायका लाजतात, डॉक्टर काय म्हणतील म्हणून. मी ज्या डॉक्टरांबरोबर काम केलं ते फाईलच्या कोपऱ्यात तारीख लिहून ठेवायचे. स्तनाच्या ऑपरेशननंतर रुग्णालयात बहुधा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहावं लागत नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्या तर पाणी जाण्यासाठी नळी असते, तीही साधारण आठवडा-दोन आठवड्यांत निघते. हाताचे व्यायाम नेमाने केले तर महिन्याभरात हात वर जातो. केमो आधी लागली तर ती बहुधा तीन-तीन आठवड्यांनी असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास केस जाऊ लागतात, पण मधल्या दिवसांत माणूस हिंडतं फिरतं. आणि काही जणींना केमो लागतही नाही. गाठीच्या तुकड्यावर हार्मोनची तपासणी करतात, ती अनुकूल असेल आणि आजार लवकर सापडला असेल तर ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं रोज एक गोळी, असंही असतं. नऊ आठवडे म्हणजे थोडे दिवस नाहीत. नीट आखले तर यात ऑपरेशन होऊन तुम्ही कन्यादानाला बसू शकता. पण ते आखायला डॉक्टरांच्या हातात कागद लागतो, आणि तो कागद सुईतून येतो.

पैशाचं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, 'लग्नाचं काढलेलं मोडायचं नाही.' मोडू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं. रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारा. असेल तर दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि रिपोर्ट घेऊन पैसे भरण्याच्या आधी तिथे जा, भरून झाल्यावर नको. सुरुवातीच्या काही तपासण्यांचा खर्च बाहेरून करावा लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा. कमी पडलं तर समाजसेवा विभागात जाऊन बसा. माझ्यासारखी एखादी तिथे असेल, तिला सगळे मार्ग ठाऊक असतात.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्या जणींना थोडं सांगायचंय. भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे आणि सुमारे ९८ हजार त्यात गेल्या. एवढ्या जणी जाण्याचं एक मोठं कारण उशीर हे आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर एक अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका हाताने तपासायच्या. मशीन नाही, फक्त हात. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण बायकांत तसा फरक दिसला नाही. पण तो अभ्यास काहीच त्रास नसलेल्या बायकांचा होता. जिच्या हाताला गाठ लागली तिने वय न बघता दाखवायचं. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांसाठी पाच वर्षांनी एकदा ही हाताची तपासणी आहे, आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा.

स्वतः बघायचं तर पाळी संपल्यानंतरच्या चार-पाच दिवसांत, बोटांच्या टोकांनी नव्हे, तीन बोटांच्या सपाट भागाने, काखेपर्यंत. नवी गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून आपोआप येणारं रक्त, कातडीला पडलेली खळी, यातलं काहीही दिसलं तर दाखवा. अंगावर पाजणाऱ्या मुलींनी 'दूध साठलंय' म्हणून दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त वाट बघू नये. मॅमोग्राफी नॉर्मल आली आणि गाठ हाताला लागतेच आहे, तर मॅमोग्राफीवर थांबू नका, काही गाठी तिच्यात दिसत नाहीत. आणि तपासणीला जाताना काखेत पावडर किंवा स्प्रे मारू नका, फोटोत त्याचे ठिपके उमटतात आणि उगाच घोटाळा होतो.

ताई, परत तुमच्याकडे येते. उद्या सकाळी घरातले कामाला गेले की कपाट उघडा. रिपोर्ट काढा, मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सोनोग्राफीचे फोटोही. एका प्लास्टिकच्या फाईलीत घाला. यापुढे प्रत्येक कागद त्यातच. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तिचं नाव चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. रात्री जेवणं झाल्यावर यजमानांशी बोला. गुरुवारी साडी नेसाल तर पुढून हुक असलेला सैल ब्लाउज घाला, म्हणजे नंतर हात फार वर न करता घालता येईल. उपाशी जायची गरज नसते, पोटभर खाऊन निघा. जाऊबाई येते म्हणाल्या तर त्यांनाही न्या. त्यांनी ती सुई बघावी असं मला फार वाटतं.

रविवारचा बस्ता चुकवू नका. लेकीचा शालू तुम्हीच निवडा. फक्त पिशव्या डाव्या हातात घेऊ नका, त्या यजमानांना धरू द्या. रिपोर्ट आला की, काहीही आला तरी, मला पत्र टाका.